आईच्या शब्दांची नोंदणी

आईचा आवाज आधी गेला, हातपाय मागाहून. त्यामुळे सुरुवातीचे कित्येक महिने आम्ही घशाचंच औषध करत बसलो. ज्येष्ठमध, हळदीचं दूध, वर्ध्यातले डॉक्टर, केळझरला मामाच्या ओळखीतला एक वैद्य. शेवटी सावंगीच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी हातापायांत सुया टोचून तपासण्या केल्या आणि आजाराचं नाव सांगितलं. मेंदूकडून स्नायूंना जाणारा निरोप हळूहळू बंद पडत जातो, डोकं मात्र शेवटपर्यंत शाबूत राहतं, असं ते म्हणाले. औषध नाही. आई खुर्चीत बसून सगळं ऐकत होती आणि मान हलवत होती, जसं काही कुणी भाजीत मीठ जास्त झाल्याची तक्रार करून राह्यलं होतं.

तशा तक्रारी ऐकायची तिला सवय होती. नालवाडीच्या आमच्या घरातून ती सावंगीच्या मेडिकलच्या पोरापोरींना डबे द्यायची. बाबांचं सरकी-ढेपेचं दुकान, गाईम्हशींचं खाद्य विकायचं. मी पुण्याच्या एका कंपनीचं सॉफ्टवेअरचं काम मागच्या खोलीत बसून करते. तिघंच आम्ही. घरात सगळ्यात जास्त बोलणारी आईच होती, आणि देवानं बरोबर तिचाच आवाज उचलला. या गोष्टीचा मला आजही राग येतो आणि तो कुणावर काढावा ते कळत नाही.

डब्यांमुळे आईला कॉम्प्युटर येत होता. समोरच्या खोलीत टेबलावर एक जुना कॉम्प्युटर, त्यात पत्रं लिहायचं, तक्ते करायचं ते फुकटातलं 'ऑफिस' सॉफ्टवेअर. आठवड्याचा मेनू ती तिथल्या तक्त्यात लिहायची. सोमवारी वडाभात, मंगळवारी पातोडीरस्सा, असं. आवाज गेल्यावर तिनं त्याच ऑफिसात एक कोरं पान उघडलं आणि त्यावर बोलायला लागली. म्हणजे टाइप करायची, आणि आम्ही खांद्यावरून वाचायचो. डाव्या बाजूला मेनूचा तक्ता, उजव्या बाजूला बोलायचं पान. डबे तेव्हाही सुरूच होते. स्वयंपाकाला एक मावशी ठेवली होती आणि आई खुर्चीतून तिच्यावर राज्य करायची.

मग हात जायला लागले. आधी डावा, मग उजव्याची बोटं एकेक करून. तर्जनी तेवढी उरली. मोबाइलवर ती तर्जनी घसरायची, काहीच्या बाही उमटायचं आणि आईला रडू यायचं. मोठ्या बटणांचा कीबोर्ड आणून दिला. तरी एकेक अक्षराला तिचा जीव मेटाकुटीला यायचा. डॉक्टर म्हणाले होते की बोट थकवू नका. अरे, मग बोलायचं कशानं? पण ते काही चुकीचं सांगत नव्हते. त्या बोटात जेवढी ताकद उरली होती तेवढंच आईचं बोलणं उरलं होतं. वाया गेलेलं प्रत्येक अक्षर तिच्या बोलण्यातून वजा होणार होतं.

तेव्हा मी ठरवलं की आपण एक तुकडा लिहायचा. या ऑफिसला कुणालाही आपला तुकडा जोडता येतो, त्याला कंपोनंट म्हणतात. माझ्या कंपोनंटचं काम सोपं होतं. आईनं एखादा शब्द एकदा लिहिला की तो लक्षात ठेवायचा. पुढच्या वेळी तिनं पहिलं अक्षर दाबलं की बाजूच्या पट्टीत तिचे शब्द नंबर लावून दाखवायचे, आणि तिनं नुसता नंबर दाबायचा. शब्दच नाही, ओळ पूर्ण झाली की अख्खं वाक्य लक्षात ठेवायचं आणि सगळ्यात अलीकडचं सगळ्यात वर दाखवायचं. तयार शब्दकोश जोडून पाहिला होता. त्याला ना सांबारवडी माहीत, ना गोळाभात, ना आईची बोली. आईनं त्यावर लिहिलं, "हे यंत्र पुण्याचं हाय का?" म्हणून मी तो काढून टाकला आणि ठरवलं की याला फक्त आईचे शब्द शिकवायचे.

लिहून झालं. पण नुसतं लिहून भागत नाही, ऑफिसकडे त्याची नोंदणी करावी लागते. एका छोट्या फाइलीत सांगावं लागतं की हा अमका, याला या नावानं हाक मारा. आणि इथे मी घाई केली. नोंदणी दोन तऱ्हेची असते. सर्व्हिस म्हणून नोंदवला तर जो हाक मारेल त्याला नवाकोरा कंपोनंट बनवून मिळतो. सिंगलटन म्हणून नोंदवला तर अख्ख्या ऑफिसात तो एकच. पहिली हाक आली की तयार होतो आणि ऑफिस बंद होईपर्यंत प्रत्येकाला तोच ओ देतो. मी सर्व्हिस म्हणून नोंदवून मोकळी झाले. मग काय, मेनूच्या तक्त्याला एक कंपोनंट मिळाला आणि बोलायच्या पानाला दुसरा. आईनं तक्त्यात पातोडी लिहिली की ती बोलायच्या पानाला माहीतच नसायची. तिथे पुन्हा पहिल्यापासून पा, तो, डी.

आईनं दोन दिवस सोसलं. मग लिहिलं, "याले एका कानानं ऐकू येते का?"

मी कपाळावर हात मारला. नोंदणीची फाइल उघडली, सर्व्हिसच्या जागी सिंगलटन लिहिलं, नाव दिलं, कोडमध्येही हाक मारायची पद्धत बदलली. बाबा जेवायला आले होते. त्यांनी विचारलं, "आता काय केलं?"

"बाबा, तुमच्या दुकानात मोठा काटा किती?"

"एकच. दोन ठेवले त गिऱ्हाईक भांडते. याच्यावर जास्त, त्याच्यावर कमी."

"तसंच केलं. आता अख्ख्या ऑफिसात काटा एकच."

बाबांना ते पटलं. त्यांनी आईला सांगितलं, "पोट्टीनं काटा एकच ठेवला आता." आईनं डोळ्यांनी हसून दाखवलं. आणि खरंच, त्या दिवशी तक्त्यातला शब्द पानावर आला, पानावरचा तक्त्यात गेला. मला वाटलं, जमलं. किती मूर्ख असतो माणूस.

दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टी कोरी. कालचा एकही शब्द नाही.

आईचा सिंगलटन तिचे शब्द डोक्यात धरून ठेवायचा आणि ऑफिस बंद होताना फाइलीत उतरवायचा. प्रत्येक शब्द लगेच उतरवला तर त्या जुन्या कॉम्प्युटरला धाप लागायची, अक्षर उमटायला वेळ लागायचा, आणि आईला वाटायचं बोट चुकलं. म्हणून मी ते शेवटावर ठेवलं होतं. ऑफिस रीतसर बंद होताना आपल्या सगळ्या सिंगलटनांना कळवतं की मी आता चाललो, तुमचं आवरून घ्या. तेव्हा लिहायचं. पद्धत अशीच असते. माझ्या लॅपटॉपवर ती दर वेळी चालत होती. शब्द लिहा, बंद करा, उघडा, शब्द हजर. आईच्या कॉम्प्युटरवर मात्र रोज सकाळी कोरी पट्टी.

माझ्या डोक्याला ताप झाला. मला वाटलं नोंदणीतच घोळ आहे. जुना कंपोनंट कुठेतरी चिकटून राहिला असेल, एकाच नावावर दोघं नोंदले गेले असतील. रात्री आई झोपल्यावर कॉम्प्युटर लावून सगळं उपटून काढलं आणि पुन्हा बसवलं. एकदा सगळ्या वापरणाऱ्यांसाठी बसवून पाहिलं, एकदा फक्त आईसाठी. ऑफिसची सगळी जुनी मांडणी पुसली. आठवडेच्या आठवडे गेले. कंपनीचं काम संपलं की मी याच्यामागे लागायची. रोज रात्री वाटायचं की आज सापडलं, आणि रोज सकाळी आई पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायची. तेच शब्द. मले, चहा, पाणी, उशी, मावशीले सांग. तिनं एकदाही कुरकुर केली नाही. मीच तिच्यावर खेकसले, "आई, तू काही भलतंच दाबून राह्यली का?" ती माझ्याकडे बघत राहिली.

तर्जनी आता नंबर दाबायलाही वेळ लावत होती.

एका दुपारी कंपनीची मीटिंग रद्द झाली म्हणून मी समोरच्या खोलीत आले. जेवण झालं होतं. बाबांनी आईला आतल्या खोलीत नेऊन आडवं केलं होतं, दार उघडंच होतं. बाबा चप्पल घालून दुकानावर निघालेले. निघता निघता ते भिंतीवरच्या बोर्डाजवळ थांबले आणि एका हातानं ओळीनं सगळी बटणं बंद केली. पंखा, ट्यूबलाइट आणि शेवटी कॉम्प्युटरचं. टेबलावरचा पडदा एकदम काळा झाला. बाबांनी मागे वळून बघितलंही नाही. ते गेले.

मी तिथेच स्टुलावर बसले. हे मी लहानपणापासून बघत आले आहे, म्हणून कधी दिसलंच नाही. आमच्याकडे सरकीचा धंदा. सरकी, रुई, ढेप, सगळं पेटणारं. माणूस दुकानातून निघाला की आधी बटणं बंद, मग कुलूप. बाबांना त्यांच्या बाबांनी मारून मारून ते शिकवलं होतं. घरातून निघताना, रात्री निजतानाही त्यांचा हात आपोआप बोर्डावर जातो. आई दुपारी झोपली म्हणजे समोरच्या खोलीत काम नाही, काम नाही म्हणजे बटण बंद. ऑफिसला कुणी सांगितलंच नाही की चाललो. सिंगलटनला आवरायला वेळच मिळाला नाही. सिंगलटनची नोंदणी पहिल्या दिवसापासून बरोबर होती.

संध्याकाळी चहाच्या वेळी मी बाबांना सहज विचारल्यासारखं विचारलं, "बाबा, सकाळी कॉम्प्युटर तुम्हीच लावता ना?"

"मीच लावतो. पूजा झाली की पहिलं काम तेच." त्यांच्या आवाजात अभिमान होता. "तुही आई उठाच्या आंधी तिचं पान उघडून ठेवतो. दुपारून ते झोपून उठली का पुन्हा लावून देतो मावशीले सांगून. रोज एक डबी येते इंग्रजीत, ते मी बंद करून टाकतो."

"कसली डबी?"

"आता मले का समजते? काही तरी जुनं परत पाहिजे का, असं विचारते. दुकानातल्या बिलाच्या मशीनवरबी येते तशी. मी म्हणतो नाई पाहिजे."

वीज गेली तर अर्धवट राहिलेलं परत आणून देऊ का, असं ते ऑफिस रोज विचारत होतं. आईचं कालचं सगळं बोलणं. आणि बाबा रोज पूजा झाल्यावर, ओल्या केसांनी, नाही म्हणत होते. माझ्या तोंडाशी आलं होतं. मी चहा पिऊन टाकला.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाबा गेल्यावर मी बटण चालू केलं, कॉम्प्युटर लावला आणि आईला न झोपवता खुर्चीतच बसवलं. मी विचारलं, "आई, बाबा रोज बटण बंद करतात. तुले माहीत होतं?"

आतल्या खोलीच्या पलंगावरून बोर्ड सरळ समोर दिसतो. ते मला विचारता विचारता लक्षात आलं.

तिनं बोट उचललं. पट्टी कोरी होती, तिला नंबर कुठून मिळणार? एकेक अक्षर शोधत ती लिहीत होती आणि मी तिचं मनगट खालून धरून होते. "हो" झालं. मग बराच वेळ गेला. मग तिनं लिहिलं, "बाबाले सांगू नको."

"काऊन? एवढे दिवस तू रोज पुन्हा पुन्हा तेच लिहून राह्यली आणि मी येड्यासारखी शोधून राह्यली. सांगायचं ना मले."

माझा आवाज चढला होता. आईनं पुन्हा बोट उचललं. मावशी चहा ठेवून गेली, चहावर साय धरली, तेव्हा ते वाक्य पूर्ण झालं. "तेवढंच काम त्याह्यले करता येते माह्यासाठी."

मी तिचं मनगट सोडलं नाही. मी रडले, खोटं कशाला सांगू. ती रडू शकत होती, तीही रडली. तिचं नाक मी माझ्या ओढणीनं पुसलं.

त्याच संध्याकाळी मी कोड बदललं. शब्द आला की लगेच फाइलीत उतरवायचा, कॉम्प्युटरला धाप लागली तर लागू दे. आता कुणीही कधीही बटण बंद केलं तरी काही हरवणार नव्हतं. नवीन कंपोनंट बसवायला ऑफिस बंद करावं लागतं. ते मी माझ्या हातानं, रीतसर बंद केलं. जाता जाता जुन्या सिंगलटननं त्या दिवशीचे शब्द फाइलीत लिहिले, आईच्या कॉम्प्युटरवर पहिल्यांदाच. फाइल तयार झालेली पाहून मला आनंद झाला. उघडून आत काय आहे ते मी पाहिलं नाही.

त्यानंतर पट्टी कधी कोरी राहिली नाही. सगळं जसं पाहिजे होतं तसं चालू होतं. फक्त आईचं बोट बंद पडलं. दिवाळीच्या तोंडावर एक दिवस ती तर्जनी कीबोर्डवर ठेवली ती तशीच राहिली. मी ती उचलून अक्षरावर ठेवायची, ती दाबली जायची नाही. सावंगीला नेलं, डॉक्टरांनी पाहिलं आणि परत आणायला सांगितलं नाही. डबे बंद केले, मावशीला सुट्टी दिली. आता आईचे डोळे तेवढे उरले होते. मिटले म्हणजे हो.

त्यावर तोडगा बाबांनीच काढला. ते दुकानातून लवकर यायला लागले, कॉम्प्युटरजवळ आईच्या शेजारी बसायचे आणि क पासून अक्षरं म्हणायचे. आई डोळे मिटेल त्या अक्षराला थांबून ते बटण दाबायचे, पट्टीत येतील ते शब्द मोठ्यानं वाचायचे, आणि पाहिजे त्या शब्दाला आई पुन्हा डोळे मिटायची. नवऱ्याबायकोनं सोंगट्या खेळाव्यात तसे दोघं बसलेले असायचे. तिचे सगळे शब्द आता बाबांच्या बोटाखाली येत होते, आणि मी मागच्या खोलीतून ऐकायची. बरं वाटायचं. मी तेवढ्यावर समाधानी होते. दुसरं काही होण्यासारखं नव्हतंच.

त्या दिवशी मी आईच्या पायांना तेल चोळत होते. बाबा म्हणत होते, "प, फ, ब." आईनं डोळे मिटले. बाबांनी बटण दाबलं, चष्मा सारखा केला आणि नेहमीसारखं मोठ्यानं वाचायला लागले.

"एक. बाबाले सांगू नको."

माझे हात थांबले. अलीकडचं वाक्य सगळ्यात वर, हा नियम माझाच. ब वर आईनं त्यानंतर दुसरं वाक्य लिहिलंच नव्हतं.

बाबांनी ते मनातल्या मनात पुन्हा वाचलेलं मला त्यांच्या ओठांवरून कळलं. मग त्यांनी आईकडे पाहिलं. आईनं डोळे टक्क उघडे ठेवले होते. पापणीही हलू देत नव्हती, त्यांत पाणी जमत होतं. बाबा माझ्याकडे वळले. "काय नको सांगू?"

तोंडात आलं ते मी म्हणाले, "डॉक्टर मला बाजूला घेऊन बोलले होते ते. किती दिवस उरले त्याचं."

आईनं डोळे मिटले.

"ते का?" बाबा म्हणाले. "ते मले त्यायनं पहिल्याच दिवशी सांगतलं होतं, तू बिल भराले गेलती तवा. मी म्हटलं तुले नोका सांगू." त्यांनी खिशातल्या रुमालानं आईचे डोळे टिपले, आधी उजवा, मग डावा, आणि पुन्हा पडद्याकडे तोंड केलं. "दोन. बरं. तीन. बेसन."

आईनं कशालाच डोळे मिटले नाहीत. बाबांनी तिन्ही पुन्हा वाचून पाहिले, एक नंबर सुद्धा, आणि मग परत क पासून सुरुवात केली.